गळ टाकण्यापूर्वी पाणी कोणाचे ते पाहावे : मासेमारीच्या सहलीआधी हंगाम आणि नियम कसे समजून घ्यावेत

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस कोकणात जाऊन समुद्रात गळाने मासे धरावेत, असा बेत आम्ही चौघांनी आखला होता. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून लागते हे ठाऊक असल्यामुळे २८ मे हा दिवस ठरवून आम्ही निर्धास्त होतो. बंदरावर पोहोचल्यावर कळले की मासेमारी चालूच होती, पण पर्यटकांना नेणाऱ्या नौका दोन दिवस आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या. आणि जो नौकामालक आम्हांला न्यायला तयार होता, त्याच्याकडे मासेमारीचा परवाना होता, माणसे नेण्याचा नव्हता. आम्ही तारीख बरोबर पाहिली होती, परंतु ती दुसऱ्याच नियमाची होती. दोन दिवस बंदरावरच्या खानावळीत बांगडा खाऊन आम्ही परत आलो.

हौशी मासेमाराची चूक बहुतेक वेळा अशीच होते. तो ‘हंगाम केव्हा’ या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि उत्तरादाखल एक तारीख मिळाली की थांबतो. वास्तविक हंगाम हा पाण्याप्रमाणे, साधनाप्रमाणे आणि माशाप्रमाणे बदलतो, आणि म्हणून सहलीचा दिवस हा सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. आधी पाणी कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहावे, मग कशात बसून आणि कशाने मासा धरणार ते, मग कोणता मासा ठेवता येतो ते. एवढे झाल्यावर पंचांग किंवा दिनदर्शिका उघडावी. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्राच्या किनाऱ्याला आणि जलाशयांना धरून आहे, कारण मराठी वाचकाच्या सहली बहुधा तेथेच होतात.

पाणी कोणाचे

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी केंद्रसूचीत आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्र सरकारचे आदेश चालतात. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा आहे. गोव्याचा स्वतंत्र कायदा त्याआधीच्या वर्षीचा, म्हणजे १९८०चा. तेरेखोल नदीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर गेलात की नदी तीच, मासा तोच, पण बहुतेक ठिकाणी परवाना देणारे खाते दुसरे होते. खाडीकाठी बांध घालून राखलेल्या गोव्याच्या खाजण भागात तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : बांधाला असलेल्या मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळचा) मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, आणि तेथे उगाच गळ टाकून बसणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखे आहे.

नद्या, तलाव आणि धरणे यांना १९८१चा कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आहे, आणि त्याखेरीज धरणाच्या भिंतीलगतच्या भागावर जलसंपदा विभागाचे निर्बंध असतात. बंदरांच्या हद्दी, नौदलाचे आवार, अणुऊर्जा केंद्राचा किनारा आणि तेलविहिरींच्या फलाटांभोवतीचे ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र ही आणखी वेगळी प्रकरणे होत. फलाटांच्या खांबांभोवती मासा जमतो हे नौका चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला माहीत असते, त्यामुळे ‘थोडे जवळ जाऊ या’ असा आग्रह त्याला पाहुण्यांकडूनच होतो. तो करू नये.

सर्वांत जास्त गफलत अभयारण्यांच्या बाबतीत होते, कारण पाण्यावर कुंपण दिसत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्रात येतो. म्हणजे पर्यटक ज्या ठिकाणी सर्वाधिक जातात तेथेच नियम सर्वांत कडक आहेत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पैठणचा नाथसागर आणि नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर ही पक्षी अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारण्याबरोबर पकडणेही येते. म्हणून ‘आम्ही मासा धरून लगेच सोडून देतो’ हा बचाव अभयारण्यात उपयोगी पडत नाही. कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी आणि गलिबोरे येथे महसीर धरून सोडण्याची शिबिरे वर्षानुवर्षे चालत होती आणि त्यांनी संवर्धनही केले असा त्यांच्या चाहत्यांचा दावा होता. तरीही ती जागा कावेरी वन्यजीव अभयारण्यात असल्यामुळे २०१२च्या सुमारास तेथील गळाची मासेमारी थांबवण्यात आली. त्या निर्णयाबद्दल मतभेद आजही आहेत, आणि मालवणात स्थानिक मच्छीमारांच्या हक्कांचा वाद त्याहूनही जुना आहे. पाहुण्याने मात्र अशा वादाचा आडोसा घेऊ नये. अभयारण्याची हद्द वनविभागाकडून, किनाऱ्यावर कांदळवन कक्षाकडून, आधीच समजून घ्यावी आणि तिच्या बाहेरची जागा निवडावी.

पावसाळी बंदी कशी वाचावी

पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे गुजरातपासून केरळपर्यंत आणि लक्षद्वीपच्या बाजूला, केंद्राच्या हद्दीतील बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते, आणि तिचेही दिवस ६१च भरतात. राज्ये आपापल्या १२ मैलांसाठी स्वतंत्र आदेश काढतात, आणि ते केंद्राच्या तारखांशी जुळतीलच असे नाही. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक येथे अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै हीच मुदत पाळली गेली आहे. केरळात मात्र ट्रॉलरवरील (मागे जाळे ओढत नेणाऱ्या नौकांवरील) बंदी ९ जूनच्या मध्यरात्री सुरू होऊन ३१ जुलैला संपते, म्हणजे ती ५२ दिवसांचीच असते. म्हणून गेल्या वर्षीची तारीख या वर्षी गृहीत धरू नये. आदेश दरवर्षी नव्याने निघतो, आणि तो बहुधा एप्रिल-मेमध्ये मत्स्यव्यवसाय विभागाच्या संकेतस्थळावर व बंदरावरच्या फलकावर लागतो.

आदेश हाती आल्यावर त्यातील तारखांपेक्षा पुढचे परिच्छेद नीट वाचावेत. बंदी कोणत्या नौकांना आहे हे तेथे लिहिलेले असते. महाराष्ट्रात ती यांत्रिक नौकांना लागू असते. वल्ह्याने किंवा शिडाने चालणाऱ्या पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नसते. त्यामुळे जुलैमध्ये खाडीत एखादा मच्छीमार होडी वल्हवत जाळे टाकताना दिसला, तर तो नियम मोडतो आहे असा निष्कर्ष काढू नये, आणि त्याचे पाहून आपणही इंजिनाची नौका भाड्याने घ्यावी असेही समजू नये. बंदीच्या काळात समुद्रात गेलेल्या नौकेला अपघात झाल्यास शासनाकडून नुकसानभरपाई मिळत नाही, हेही आदेशात बजावलेले असते. नौकामालक पैशासाठी तयार झाला, तरी त्या दिवशी काही विपरीत घडले तर त्याचे सर्वस्व बुडते, याचे भान पाहुण्याने ठेवायला हवे.

बंदीमागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही सारखीच खरी आहेत. या काळात अनेक जातींच्या माशांची वीण होते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे दर्या खवळलेला असतो. दुसरे कारण ३१ जुलैच्या मध्यरात्री संपत नाही. १ ऑगस्टला कायदा मोकळा होतो, पण पाणी मोकळे झालेले असतेच असे नाही. म्हणून किनाऱ्यावर अनेक जण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याखेरीज नौका लोटत नाहीत. ही पौर्णिमा २०२४मध्ये १९ ऑगस्टला आणि २०२५मध्ये ८ ऑगस्टला आली होती, म्हणजे सरकारी तारीख आणि दर्याची तारीख यांत कधी एक आठवड्याचे, तर कधी जवळजवळ तीन आठवड्यांचे अंतर पडते. हौशी माणसाने यांपैकी नंतरची तारीख धरावी, आणि माझ्या मते त्यानंतरही महिनाभर थांबावे.

पर्यटक नौकांचे वेळापत्रक या दोन्हींहून निराळे आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतील प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा साधारणपणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. आमची फसगत झाली ती येथेच. मासेमारी आणि प्रवासी वाहतूक अशा दोन बंद्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या की कळते की नौकेतून गळाने मासेमारी करायला येणाऱ्या पाहुण्यासाठी जून, जुलै आणि ऑगस्ट हे तिन्ही महिने, आणि मेचा शेवटचा आठवडा, हिशेबातून वगळावे लागतात.

हंगाम साधनाप्रमाणेही बदलतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायचे पर्ससीन जाळे. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६च्या अधिसूचनेने परवानाधारक पर्ससीन नौकांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठरवून दिला. ट्रॉलरना किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यात येण्यास मनाई आहे, आणि ती सीमा मैलांत नसून पाण्याच्या खोलीत, म्हणजे वावांत, मोजलेली आहे. हौशी मासेमाराचा या नियमांशी थेट संबंध नसला, तरी सप्टेंबरनंतर बंदरात कोणाचा कोणाशी तणाव आहे हे समजून घ्यायला त्यांचा उपयोग होतो. रापणकर (किनाऱ्यावरून रापण हे जाळे ओढणारे) आणि पर्ससीनवाले यांच्यातील वादात आपल्या नौकेने कोणाची बाजू घेतल्यासारखे दिसू नये.

नौका आणि तिची कागदपत्रे

मासेमारी नौकेच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, आणि महाराष्ट्रातील नौकांचा क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक असणे म्हणजे नोंदणी असणे. मासेमारीचा परवाना हा त्याहून वेगळा कागद असतो आणि त्याला मुदत असते. समुद्रात निघण्यापूर्वी नौकेला मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून किंवा त्याच्या माणसाकडून टोकन घ्यावे लागते, ज्यावर नौकेवर कोण आहे याची नोंद होते. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, ज्यात हल्लेखोर एका मासेमारी नौकेचा ताबा घेऊन आले होते, या नोंदीकडे पोलीस आणि तटरक्षक दल फार बारकाईने पाहतात.

हे सांगण्याचे कारण असे की ‘तुमची नावे खलाशी म्हणून लिहितो, कोणी विचारणार नाही’ असा प्रस्ताव पाहुण्यांपुढे हमखास येतो. तो नम्रपणे नाकारावा. माणसे नेण्यासाठी सागरी मंडळाने परवाना दिलेली नौका शोधावी, तिच्या परवान्यावर प्रवाशांची किती संख्या लिहिली आहे ते पाहावे, आणि तेवढी जीवनरक्षक जाकिटे नौकेत प्रत्यक्ष आहेत की नाहीत हे मोजून घ्यावे. स्वतःचे आधारपत्र किंवा अन्य ओळखपत्र मूळ प्रत म्हणून बरोबर असावे. भ्रमणध्वनीतील छायाचित्राने किनाऱ्यावर काम भागते, समुद्रात तपासणी झाली तर भागेलच असे नाही.

कशाने धरावे आणि कशाने धरू नये

हौशी माणसाचे साधन बहुधा गळ, दोरी आणि काठी एवढेच असते, आणि त्याबाबत कायद्याची कटकट कमी आहे. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकायचा असेल तर मात्र जागा पाहून टाकावा. जेथे रापण ओढली जाते तेथे गावातील रापणसंघांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि खाडीच्या तोंडाशी डोलजाळ्यांचे (प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट कोणाचे कोठे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. हे हक्क कोणत्या फलकावर लिहिलेले नसतात, तरी ते मोडल्यावर होणारे भांडण फार खरे असते. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत जाऊन ‘आम्ही अमुक खडकावर बसलो तर चालेल का’ एवढे विचारण्यास पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत कोठे मासा लागतो हेही बहुधा कळते.

स्फोटके आणि विष यांचा वापर १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे. तरीही नदीच्या डोहात सुरुंगाच्या कांड्या टाकणे आणि विजेच्या तारा सोडणे काही ठिकाणी चालते; कोणी ‘गंमत दाखवतो’ म्हणाले तर तेथून उठून यावे, कारण काठावर उभा असलेला पाहुणाही चौकशीत सापडतो. समुद्रात जनरेटरवर चालणारे प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करणे आणि दोन नौकांनी मिळून ओढण्याचे बुल ट्रॉलिंग यांवर केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. रात्री खडकावर बसणाऱ्याच्या डोक्यावरची विजेरी आणि हे दिवे यांत अर्थातच फरक आहे. पण रात्रीच्या सहलीसाठी ठरवलेल्या नौकेवर मोठे दिव्यांचे खांब दिसले, तर त्या नौकेत पाऊल ठेवू नये.

कोणता मासा ठेवता येतो

पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्या यादीत पापलेटासाठी १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर अशी मर्यादा आहे. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरांहून लहान पापलेट आणि अठरा सेंटिमीटरांहून लहान बोंबील हे पाण्यातच राहायला हवेत. कारण साधे आहे : मासा एकदा तरी विणल्यावर धरला जावा. सहलीला निघताना या यादीतील आपल्याला लागू शकणाऱ्या पाच-सात जाती कागदावर उतरवून घ्याव्यात आणि एक पट्टी बरोबर ठेवावी.

मोजण्याची रीत मात्र सर्वांना एक नाही. बहुतेक माशांची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतात. शेपटी दुभंगलेली असेल अशा काही माशांची ती दुभंगाच्या खाचेपर्यंत घेतात. चिंबोरीची पाठीच्या कवचाची रुंदी मोजतात, आणि माकुळाचे डोके व बाहू सोडून फक्त धडाचे आवरण मोजतात. यादीत ज्या रीतीने माप दिले आहे त्याच रीतीने मोजावे. ओल्या हाताने, मासा ओल्या फडक्यावर ठेवून मोजल्यास तो सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. अंडी पोटाशी धरलेली चिंबोरी किंवा शेवंड यादीतील मापात बसत असली तरी मी सोडून देतो, आणि बरोबरच्यांनाही सोडायला लावतो.

नावांचा घोळही येथे आड येतो. एकाच माशाला पालघरात एक नाव, रायगडात दुसरे आणि मालवणात तिसरे असते. पापलेटाला कोठे सरंगा म्हणतात, आणि जाळ्यात आलेले पिल्लू वेगळ्याच नावाने विकले जाते. यादीत मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव दिलेले असेल तर तेच प्रमाण धरावे आणि छायाचित्राशी ताडून पाहावे.

आकाराचा प्रश्नच येत नाही असे काही जीव आहेत. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडा, समुद्री काकडी आणि सर्व समुद्री कासवे यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. व्हेल शार्कला ते २००१पासून मिळाले. गळाला किंवा दोरीला यांपैकी काही अडकले तर नौकेत ओढू नये, छायाचित्रासाठी उचलून धरू नये. दोरी जमेल तितकी गळाजवळ कापून त्याला मोकळे करावे. मच्छीमाराने असा जीव सोडवण्यासाठी आपले जाळे कापले, तर त्याला राज्याकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८पासून आहे, आणि तिच्यासाठी सुटकेचे चित्रण पुरावा म्हणून लागते. अशा वेळी पाहुण्याने भ्रमणध्वनी काढून नीट चित्रण केले, तर त्याचा तांडेलाला खरोखर उपयोग होतो.

गोडे पाणी

पहिल्या पावसाचा लोंढा ओढ्यांना आला की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणते, कोणी वलगणीचे. कोकणात आणि घाटमाथ्यावर या दिवसांत सारे गाव कंदील-विजेऱ्या घेऊन शेताच्या बांधावर आणि ओढ्यात उतरते, आणि त्या रात्रींच्या आठवणी नसलेला कोकणी माणूस विरळाच. पण हे मासे गाभोळीने भरलेले असतात, आणि ते वर चढतात ते विणण्यासाठीच. रोहू, कटला आणि मृगळ यांची वीणही पावसाळ्यातील वाहत्या पुराच्या पाण्यातच होते. गावकऱ्याने वर्षातून दोन रात्री कालवणापुरते मासे धरणे आणि शहरातून चार गाड्या भरून येऊन पिंपे भरून नेणे, यांत मला मोठा फरक दिसतो. पर्यटकाने वलगण पाहायला जावे, धरायला जाऊ नये.

धरणांच्या बाबतीत पहिला प्रश्न ठेक्याचा असतो. राज्यातील जलाशय मासेमारीसाठी सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना मुदतीने दिलेले असतात, आणि त्यात मत्स्यबीज सोडण्याचा खर्च त्यांनी केलेला असतो. त्यामुळे ‘सरकारी धरण आहे, कोणीही गळ टाकावा’ ही समजूत चुकीची आहे. उजनीच्या काठी भिगवणला चिलापी भरपूर मिळते आणि काठावर गळ टाकणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण हटकले तर हक्क त्यांचा असतो. लोणावळ्याजवळच्या टाटांच्या तलावांत महसीरच्या संवर्धनाचे काम अनेक दशकांपासून चालते. तेथे कंपनीच्या परवानगीखेरीज काठी काढूच नये. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या बाजूला, दरवाजांच्या समोर, मासा खूप लागतो आणि तेथेच माणसेही वाहून जातात : भोंगा वाजला की सामान सोडून वर यावे.

काही डोह कोणत्याही खात्याच्या नकाशावर नसूनही बंद असतात. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेच्या काठच्या तिळसे येथे देवाचे मासे आहेत. लोक त्यांना चुरमुरे आणि फुटाणे घालतात, कोणी धरत नाही. महसीरसारखा मासा तेथे टिकून राहिला तो या श्रद्धेमुळे. अशा डोहाच्या वर आणि खाली किती अंतरापर्यंत मासे धरू नयेत हे गावातच विचारावे.

एका ठिकाणचा जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा. परदेशी मांगूर आणि चिलापी देशभर पसरले आहेत ते माणसाच्या हातूनच.

आता दिवस

पाणी, नौका, साधन आणि मासा ठरले की दिवस निवडावा. कोकणच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो : पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे असतात, दर्या निवलेला असतो, आणि दोन्ही बंद्या संपलेल्या असतात. मार्चनंतर दुपारचे खारे वारे जोर धरतात, तेव्हा सकाळी दहापर्यंत परतावे.

तिथी पाहून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून खडकावर बसायचे असेल तर बंदरावरचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच प्रमाण मानावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते आणि परतीची वाट बुडते. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी नवशिक्याला सोसते. खाडीत जिताडा किंवा तांबोशी धरणारे जाणकार मात्र भरती वळण्याच्या अर्ध्या-पाऊण तासासाठीच जागा धरून बसतात.

हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी पाहावा. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला असेल तर आकाश कितीही निरभ्र दिसो, बेत रद्द समजावा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून लाटांचा अंदाज आणि मासे कोठे असण्याची शक्यता आहे याच्या सूचना मिळतात; बंदीच्या काळात मासेविषयक सूचना दिल्या जात नाहीत.

महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा, उत्तरे मात्र वेगळी मिळतील. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जाणाऱ्यांना नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, म्हणजे आपला कोकणातला हंगाम तोच त्यांचा बंदीकाळ. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गोड्या पाण्यात १३ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी परवाना लागतो आणि नद्यांतील कार्पसारख्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून बंद हंगाम असतो. न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या रहिवाशाला गोड्या पाण्यासाठी सशुल्क परवाना लागतो, तर समुद्रासाठी विनाशुल्क नोंदणी पुरते.

चौकशी सहलीच्या महिनाभर आधी सुरू करावी. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात त्या वर्षीचा बंदी आदेश आणि किमान आकारमानाची यादी मागावी. सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाकडे प्रवासी नौकांची मुदत विचारावी. जागा अभयारण्याजवळ असेल तर वनविभागाकडे हद्द विचारावी. आणि जलाशय असेल तर ठेका कोणाकडे आहे ते विचारून त्या संस्थेची परवानगी शक्यतो लेखी घ्यावी. तोंडी उत्तर मिळाले तर कोणी, केव्हा दिले ते टिपून ठेवावे. नौकामालकाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बावटा लागला, बंदीची तारीख बदलली किंवा टोकन मिळाले नाही, तर पैसे परत मिळणार की दुसरा दिवस मिळणार हे ठरवून घ्यावे, आणि निघण्याच्या आदल्या रात्री मालकाला नव्हे, तर प्रत्यक्ष नौका नेणाऱ्या तांडेलाला फोन करावा.